कथांचा माग काढणारा ग्रंथपाल : याकोब ग्रिम

हिमगौरी आणि सात बुटके यांची गोष्ट मराठी घरांतील मुलांनाही ओळखीची झाली आहे. ज्या संग्रहातून ही गोष्ट जगभर पसरली, तो संग्रह याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या दोन जर्मन भावांनी 1812 साली प्रसिद्ध केला. ग्रिम बंधू म्हटले की, खांद्याला झोळी अडकवून खेडोपाडी हिंडणारे आणि शेकोटीभोवती बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून गोष्टी टिपून घेणारे दोन तरुण डोळ्यांसमोर उभे राहतात. हे चित्र मनोहर असले, तरी फारसे खरे नाही. दोघांतील थोरले बंधू याकोब यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग ग्रंथालयाच्या चार भिंतींत गेला. जुन्या हस्तलिखितांवरील धूळ झटकणे, एका पुस्तकातील उल्लेख दुसऱ्या पुस्तकाशी ताडून पाहणे आणि कोणती गोष्ट कोठून मिळाली याची नोंद ठेवणे, हाच त्यांचा नित्यक्रम होता. ग्रंथपालाची नोकरी हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते आणि लोककथांच्या अभ्यासाचा पायाही त्यांनी तेथेच घातला.

याकोबचा जन्म 4 जानेवारी 1785 रोजी हानाउ या गावी झाला. विल्हेल्म त्याच्याहून एका वर्षाने लहान. त्या काळी जर्मनी हा एकसंध देश नव्हता. लहानमोठ्या अनेक राज्यांत तो विभागलेला होता. हानाउ हे हेसेन-कासेल या संस्थानाच्या अमलाखाली होते. याकोबचे वडील फिलिप ग्रिम हे कायद्याचे जाणकार होते. 1791 मध्ये श्टायनाउ या गावी सरकारी अंमलदार म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे ऐसपैस सरकारी घर मिळाले, नोकरचाकर आले आणि मुलांचे दिवस आनंदात जाऊ लागले. याकोबला अक्षरओळख करून दिली ती त्याच्या आत्याने. परंतु हे सुख फार काळ टिकले नाही. जानेवारी 1796 मध्ये फुप्फुसांच्या आजाराने वडिलांचे निधन झाले. त्या वेळी याकोब नुकताच अकरा वर्षांचा झाला होता आणि सहा भावंडांत तोच थोरला होता. सरकारी घर सोडावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस आत्याही गेली.

या अडचणीत मावशी धावून आली. आईची ही बहीण कासेल येथील राजघराण्यात सेवेला होती. तिने 1798 मध्ये याकोब व विल्हेल्म यांना कासेलला बोलावून घेतले आणि त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. गावाकडून आलेल्या या मुलांची तयारी कच्ची होती. परंतु याकोबने अल्पावधीतच मागचे सगळे भरून काढले. 1802 मध्ये वडिलांप्रमाणे कायदा शिकण्यासाठी तो मारबुर्ग विद्यापीठात दाखल झाला. वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या मुलांना विद्यापीठात सहज प्रवेश असे. याकोबच्या घराण्याला तो दर्जा नसल्यामुळे खास परवानगी मागावी लागली. शिष्यवृत्ती तर मिळालीच नाही. ती मिळाली धनिकांच्या मुलांना, आणि याची खंत त्याच्या मनात पुढेही राहिली.

मारबुर्ग येथे कायद्याचे तरुण प्राध्यापक साविन्यी यांनी या हुशार विद्यार्थ्याला आपल्या घरच्या ग्रंथसंग्रहाचे दार उघडून दिले. त्या खोलीतील कपाटांत एके दिवशी याकोबच्या हाती मध्ययुगीन जर्मन कवींच्या गीतांचा एक जुना संग्रह आला. भाषा जर्मनच होती, पण अर्धीअधिक कळत नव्हती. कायद्याचा अभ्यास करण्यासाठी आलेला हा विद्यार्थी त्या न कळणाऱ्या शब्दांमागे लागला, तो आयुष्यभर. पैसा नसलेल्या मुलाला भरलेल्या कपाटांपर्यंत कोणीतरी जाऊ द्यावे लागते. साविन्यी यांनी ते केले नसते, तर याकोब ग्रिम हे नाव कदाचित एखाद्या लहान गावच्या न्यायालयाच्या दप्तरातच राहिले असते.

1805 च्या आरंभी साविन्यी पॅरिसमध्ये संशोधन करीत होते. मदतीसाठी त्यांनी याकोब यांना बोलावून घेतले. दिवसभर पॅरिसच्या ग्रंथालयांत बसून रोमन कायद्याच्या हस्तलिखितांच्या नकला करावयाच्या, हे त्यांचे काम होते. इकडून विल्हेल्म यांनी पत्राने कळवले की, त्या हस्तलिखितांत जुन्या जर्मन काव्याचे काही सापडते का, तेही पाहावे. गुरूचे काम आटोपले की याकोब त्या शोधाला लागत. ग्रंथालयात नेमके काय मागावे, सूचीत नसलेली गोष्ट कशी हुडकावी, नक्कल करताना मूळ अक्षराला धक्का कसा लागू देऊ नये, हे सर्व ते त्या काही महिन्यांत शिकले.

परत आल्यावर मात्र पोटाचा प्रश्न समोर उभा राहिला. त्यांनी पदवीची वाट पाहिली नाही. कासेलच्या युद्धखात्यात वर्षाला 100 थालर एवढ्या तुटपुंज्या पगारावर त्यांनी कारकुनी पत्करली. पॅरिसहून आलेल्या या तरुणाला ताठ गणवेश घालून आणि केसांची पावडर लावलेली वेणी बांधून कचेरीत बसावे लागे. तेवढ्यात नेपोलियनच्या फौजा आल्या, संस्थान बुडाले आणि तीही नोकरी गेली. मे 1808 मध्ये आईचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी पाच धाकट्या भावंडांची जबाबदारी याकोब यांच्या शिरावर आली.

याच वेळी नशिबाने एक विचित्र वळण घेतले. नेपोलियनचा भाऊ जेरोम हा वेस्टफालिया या नव्या राज्याचा राजा म्हणून कासेलला येऊन राहिला होता. त्याच्या खासगी ग्रंथालयासाठी माणूस हवा होता. जुलै 1808 मध्ये ही जागा याकोब यांना मिळाली. परकीय सत्तेची चाकरी त्यांना मनातून रुचली नव्हती. पण काम हलके आणि पगार चांगला होता. दारावर मोठ्या अक्षरांत राजाचे खासगी ग्रंथालय अशी पाटी लावावी, एवढीच सूचना त्यांना देण्यात आली! राजा क्वचितच एखादे पुस्तक मागवी. उरलेला सारा वेळ याकोब यांचा होता. 1811 मध्ये राजवाड्याला आग लागली, तेव्हा धुराने भरलेल्या दालनांतून पुस्तके बाहेर काढण्यासाठी त्यांनी धडपड केली. ग्रंथ राजाचे असले, तरी जळणारे ज्ञान कोणाचे, हा प्रश्न त्यांना पडला नसावा.

या मोकळ्या वर्षांतच कथासंग्रहाचे काम आकाराला आले. त्याची सुरुवात दुसऱ्याच कोणासाठी झाली होती. क्लेमेन्स ब्रेंटानो आणि आखिम फॉन आर्निम या दोन कवींनी जर्मन लोकगीतांचा मोठा संग्रह काढला होता. ब्रेंटानो यांना आता लोककथांचाही संग्रह करावयाचा होता. त्यांच्या सांगण्यावरून ग्रिम बंधू कथा जमवू लागले. जमवण्याचे मार्ग दोन होते. एक मार्ग माणसांच्या तोंडचा आणि दुसरा जुन्या छापील व हस्तलिखित ग्रंथांचा. सोळाव्या-सतराव्या शतकांतील विनोदी किश्श्यांची पुस्तके, कवींच्या कृती, प्रवचनांचे संग्रह, जे हाती लागेल ते याकोब चाळत आणि त्यांतील कथा उतरवून काढत. एका फटक्यात सात माश्या मारून शूर म्हणवून घेणाऱ्या शिंप्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिचा आरंभीचा भाग ग्रिम बंधूंनी 1557 मधील एका पुस्तकातून घेतला. म्हणजे ही गोष्ट त्यांच्या काळापूर्वीच अडीचशे वर्षे कपाटात पडून होती.

1810 मध्ये त्यांनी सुमारे 50 कथांची हस्तलिखिते ब्रेंटानो यांच्याकडे पाठवून दिली. पाठवण्यापूर्वी त्यांची नक्कल करून ठेवण्याची दक्षता घेतली, हे बरे झाले. कारण ब्रेंटानो यांनी ना संग्रह काढला, ना कागद परत केले. अखेर बंधूंनी आपल्या जवळच्या नकलेवरून आणि नव्याने मिळवलेल्या कथांवरून स्वतःच पुस्तक सिद्ध केले. ‘मुलांच्या आणि घरच्या कथा’ अशा अर्थाचे नाव असलेला पहिला खंड डिसेंबर 1812 मध्ये बर्लिन येथे निघाला. त्यात 86 कथा होत्या. दुसरा खंड 1815 मध्ये आला. त्यात 70 होत्या. दोन्ही खंडांच्या शेवटी टिपा होत्या. ही कथा कोणत्या प्रांतातून मिळाली, तिचे आणखी कोणते रूप आढळते, कोणत्या जुन्या पुस्तकात तिचा उल्लेख आहे, असे त्या टिपांत सांगितलेले होते. मुलांना या टिपांचा काय उपयोग, असा आक्षेप त्या काळी घेण्यात आला. पुस्तक पहिल्या झटक्यात खपलेही नाही. परंतु कथेखाली तिचा ठावठिकाणा लिहिण्याची ही रीत लोककथांच्या क्षेत्रात नवी होती. 1822 मध्ये तर टिपांचा स्वतंत्र तिसरा खंडच काढण्यात आला. पुढे या टिपा वाढत गेल्या आणि त्यांत पंचतंत्रासारख्या भारतीय कथाग्रंथांतील साम्यस्थळांचीही दखल घेतली गेली.

कथा सांगणारी माणसे कोण होती? शेजारच्या औषधविक्रेत्याच्या, म्हणजे विल्ड यांच्या घरातील मुली. सरकारी अधिकाऱ्याच्या, म्हणजे हासेनफ्लूग कुटुंबातील तरुण बहिणी. वेस्टफालियातील हाक्स्टहाउझेन हे सरदार घराणे. आणि आपल्या कथांच्या बदल्यात जुन्या विजारी घेणारा एक निवृत्त घोडेस्वार. कासेलजवळच्या खेड्यातून भाजी विकायला येणाऱ्या डोरोथेआ फीमान या शिंप्याच्या पत्नीकडून दुसऱ्या खंडाला अनेक उत्तम कथा मिळाल्या. तिची सांगण्याची हातोटी अशी होती की, हवे तेव्हा ती सावकाश पुन्हा सांगे आणि शब्द फारसा बदलत नसे. एवढे सोडले, तर बहुतेक निवेदक सुशिक्षित, शहरी आणि तरुण होते. बहुतेक वेळा तेच भावांच्या घरी येत. भाऊ त्यांच्या शोधात फारसे हिंडले नाहीत.

येथे दोन भावांच्या स्वभावातील फरकही सांगितला पाहिजे. याकोब यांना कथा जशी मिळाली तशी, तिच्या खडबडीतपणासह, ठेवावीशी वाटे. विल्हेल्म यांना ती गोष्ट म्हणून गोड वाटावी, असा ध्यास होता. दुसऱ्या खंडानंतर संग्रहाची जबाबदारी मुख्यतः विल्हेल्म यांच्याकडे गेली आणि आवृत्तीगणिक कथांवर हात फिरत गेला. 1812 च्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी राणी तिची सख्खी आई होती. 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. 1857 च्या सातव्या आवृत्तीत कथांची संख्या 200 झाली, त्याशिवाय मुलांसाठी 10 पवित्र आख्यायिका होत्या. आज आपण वाचतो त्या कथा बहुधा या शेवटच्या आवृत्तीतील असतात. लोकांच्या तोंडून निघालेली वाणी जशीच्या तशी दिली, असा समज त्यांच्याभोवती पसरला खरा. मात्र अभ्यासकाला तो जसाच्या तसा मान्य करता येत नाही.

याकोब यांची स्वतःची अपेक्षा काय होती, हे 1815 च्या एका परिपत्रकावरून दिसते. नेपोलियनच्या पाडावानंतर ते हेसेनच्या वकिलातीचे सचिव म्हणून व्हिएन्ना येथील परिषदेला गेले होते. तेथून त्यांनी एक छापील पत्रक ठिकठिकाणच्या लोकांना पाठवले. गाणी, कथा, स्थानिक दंतकथा, सणांच्या चालीरीती, म्हणी हे सर्व जमवावे, अशी विनंती त्यात होती. पुढील सूचना अधिक महत्त्वाच्या होत्या. सांगणाऱ्याच्या बोलीत, काही न वाढवता व न सजवता लिहावे. प्रत्येक गोष्ट वेगळ्या कागदावर घ्यावी. त्या कागदावर गाव, प्रांत, दिवस, लिहून घेणाऱ्याचे नाव आणि गरज असेल तेथे सांगणाऱ्याचेही नाव टाकावे. महाविद्यालयातील विद्यार्थी आजही लोकगीत किंवा कहाणी टिपून घेताना हीच माहिती लिहितो.

त्याच सुमारास याकोब यांना एक अप्रिय काम करावे लागले. फ्रेंच सैन्याने जर्मन राज्यांतून लुटून नेलेले ग्रंथ आणि चित्रे परत मिळवण्यासाठी त्यांना पॅरिसला धाडण्यात आले. ज्या ग्रंथालयात दहा वर्षांपूर्वी ते एक नम्र वाचक म्हणून बसत, तेथेच आता हस्तलिखिते परत मागणारा अधिकारी म्हणून ते उभे होते. तेथील ग्रंथपालांना त्यांचे येणे रुचले नाही, हे स्वाभाविकच होय.

1816 मध्ये कासेलच्या ग्रंथालयात याकोब दुय्यम ग्रंथपाल झाले. विल्हेल्म तेथे आधीपासूनच सचिव होते. ही पुढची तेरा वर्षे दोघांच्या आयुष्यातील सर्वांत शांत वर्षे होती. ‘जर्मन दंतकथा’ या दोन खंडांत (1816 व 1818) त्यांनी 585 दंतकथा दिल्या आणि त्यांखाली आधार नोंदवले. 1819 पासून याकोब यांचे जर्मन व्याकरण प्रसिद्ध होऊ लागले. त्याच्या 1822 च्या आवृत्तीत त्यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषांतील काही व्यंजने जर्मन कुळातील भाषांत ठरावीक रीतीने कशी बदलतात, याचा नियम मांडला. संस्कृतातील पितृ शब्दाच्या आरंभी प आहे, तेथे जर्मन शब्दात फ येतो. हा बदल डेन्मार्कच्या रास्क यांनी आधी नोंदवला होता; परंतु नियमाला ग्रिम यांचे नाव चिकटले. अर्थात सारे दिवस असे फलदायी नव्हते. नव्या वरिष्ठांच्या हुकमावरून ग्रंथालयाच्या अनेक खंडांच्या सूचीची नक्कल हाताने उतरवून देण्यात दोघा भावांचे महिनोन्‌महिने वाया गेले. आणि 1829 मध्ये मुख्य ग्रंथपालाची जागा रिकामी झाली, तेव्हा ती दुसऱ्यालाच देण्यात आली.

हा अपमान त्यांना सहन झाला नाही. 1830 च्या आरंभी दोघेही हॅनोवर राज्यातील गॉटिंगेन विद्यापीठात गेले. याकोब तेथे प्राध्यापक आणि ग्रंथपाल झाले. गॉटिंगेनचे ग्रंथालय युरोपातील उत्तम ग्रंथालयांपैकी एक होते. जर्मन पुराणकथांवरील त्यांचा थोर ग्रंथ 1835 मध्ये याच ठिकाणी पूर्ण झाला.

दोनच वर्षांनी सर्व काही पणाला लागले. 1837 मध्ये हॅनोवरच्या गादीवर आलेल्या एर्न्स्ट आउगुस्ट या राजाने 1833 ची राज्यघटना रद्द केली. प्राध्यापकांनी त्या घटनेवर शपथ घेतलेली होती. राजाची लहर फिरली म्हणून आपली शपथ मोडत नाही, असे सात प्राध्यापकांनी लेखी कळवले. त्यांत ग्रिम बंधू होते. डिसेंबरमध्ये साताही जणांना काढून टाकण्यात आले आणि याकोब, डालमान व गेर्विनुस या तिघांना तीन दिवसांत राज्य सोडण्याचा हुकूम झाला. विद्यार्थी त्यांना निरोप देण्यासाठी सीमेपर्यंत गेले. बावन्नाव्या वर्षी याकोब यांच्याजवळ ना नोकरी राहिली, ना ग्रंथालय. आपली बाजू मांडणारी एक पुस्तिका त्यांनी लिहिली. जर्मन राज्यांतील निर्बंधांमुळे ती स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे छापावी लागली.

कासेलला परतलेल्या याकोब यांच्यापुढे 1838 मध्ये एका प्रकाशकाने मोठ्या जर्मन शब्दकोशाची कल्पना मांडली. उत्पन्न नसल्यामुळे आणि विषय आवडीचा असल्यामुळे दोघांनी ती स्वीकारली. देशभरातील मदतनीस जुने-नवे ग्रंथ वाचून शब्द व त्यांचे वापर चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवू लागले. प्रत्येक चिठ्ठीवर ग्रंथाचे नाव आणि पृष्ठ यांची नोंद असे. 1841 मध्ये प्रशियाच्या राजाच्या निमंत्रणावरून दोघे बर्लिनला स्थायिक झाले. याकोब अविवाहितच राहिले. विल्हेल्म, त्यांच्या पत्नी डोरोथेआ (विल्ड कुटुंबातील कथा सांगणारी मुलगी ती हीच) आणि मुले यांच्यासह ते एकाच घरात राहत. शब्दकोशाचा पहिला खंड 1854 मध्ये निघाला. 1859 मध्ये विल्हेल्म गेले. याकोब एकटेच कामाला बसत राहिले. 20 सप्टेंबर 1863 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा कोश एफ या अक्षरातील फ्रुख्ट, म्हणजे फळ, या शब्दापर्यंत आला होता. पुढील पिढ्यांनी तो 1961 मध्ये पुरा केला.

ग्रिम बंधूंचा हजारो पुस्तकांचा खासगी संग्रह बर्लिनच्या विद्यापीठाकडे गेला. तेथील नव्या ग्रंथालयाला 2009 मध्ये दोघा भावांचे नाव देण्यात आले. त्यांच्या टिपा मात्र वाढतच गेल्या. योहानेस बोल्टे आणि गेओर्ग पोलिव्का यांनी 1913 ते 1932 या काळात त्यांचे पाच खंड केले. फिनलंडच्या आन्टी आर्ने यांनी 1910 मध्ये कथाप्रकारांना क्रमांक दिले. अमेरिकेच्या स्टिथ थॉम्प्सन यांनी ती सूची 1928 व 1961 मध्ये वाढवली आणि 1960 मध्ये वॉरन रॉबर्ट्स यांच्याबरोबर भारतीय मौखिक कथांची सूचीही काढली. हिमगौरीचा क्रमांक 709 आहे. एखाद्या ग्रंथालयात हा क्रमांक घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला तीच कथा निरनिराळ्या भाषांत कोठे सापडते, हे या सूच्यांतून शोधता येते.

आणि ब्रेंटानो यांनी परत न केलेले कागद? ते आल्सासमधील ओलेनबेर्ग येथील एका मठाच्या ग्रंथसंग्रहात सापडले आणि विसाव्या शतकात छापले गेले. छापील पुस्तकाशी ते ताडून पाहिल्यामुळेच कथांवर कोठे आणि किती हात फिरला, हे आज दाखवता येते. दुसरा पुरावा कासेलमध्ये आहे. बंधूंच्या स्वतःच्या वापरातील प्रतींच्या समासात सांगणाऱ्यांची नावे आणि तारखा हाताने लिहिलेल्या आहेत. 2005 मध्ये युनेस्कोने या प्रतींचा समावेश जागतिक स्मृतीच्या यादीत केला. त्या समासात काही कथांशेजारी मारी एवढेच नाव आहे. ही मारी म्हणजे विल्ड यांच्या घरातील म्हातारी मोलकरीण, असे विल्हेल्म यांचे पुत्र हेर्मान यांनी लिहिले आणि अनेक वर्षे सर्वांनी तेच मानले. 1975 मध्ये हाइन्झ रोलेके या अभ्यासकाने तारखा आणि पत्रे पुन्हा तपासली. ती मारी म्हातारी नव्हती आणि मोलकरीणही नव्हती. ती विशीच्या आसपासची मारी हासेनफ्लूग होती. तिच्या आईकडचे पूर्वज फ्रान्समधून आलेले होते आणि घरात फ्रेंच बोलली जाई. शंभर वर्षे झोपलेल्या राजकन्येची जी कथा तिने सांगितली, ती फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांच्या पुस्तकात 1697 मध्येच छापून आलेली होती.